तांदळाची गोणी की पोह्यांचा डबा?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'नासा म्हणते, तीन दिवस अंधार' छापाचा निरोप हमखास फिरतो. यंदा तो वाचून शेजारच्या काकूंनी दहा किलो तांदूळ आणि पाच किलो तूरडाळ पलंगाखाली कोंबली. नासाच्या नावाने फिरणारी ही लोणकढी थाप आहे, पण काकूंची भीती अगदीच निराधार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही वन रूम किचनमध्ये होतो. वीज गेलेली, नळ कोरडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आधण येता येता सिलिंडरही संपला. तांदळाचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता, पण त्याचं करायचं काय?

आम्ही पोहे भिजवले. मीठ, साखर, बरणीतल्या लोणच्याचा खार. दोन दिवस तेवढ्यावर निघाले.

तांदूळ आणि पोहे मुळात एकच धान्य. मग एक दहा मिनिटांत मऊ होतो आणि दुसरा रात्रभर भिजवला तरी भात होत नाही, असं का? उत्तर स्टार्चच्या कणांत आहे. या कणात ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या असतात, काही सरळ (अमायलोज), काही फांद्या फुटलेल्या (अमायलोपेक्टिन). फांद्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी बिलगून स्फटिकासारख्या घट्ट रचलेल्या असतात. थंड पाणी मधल्या सैल जागांत शिरतं, या रचनेत नाही. साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला मात्र बंध सुटू लागतात, पाणी आत घुसतं, कण टरारून फुगतो आणि रचना मोडते. ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कच्च्या कणावर काळी फुली दिसते. शिजताना ती डोळ्यांदेखत पुसली जाते. माझ्या मते स्वयंपाकघरातलं हे सर्वात देखणं दृश्य, फक्त ते कुणी बघत नाही.

पोह्यांच्या भट्टीत हेच घडतं. साळ भिजवतात, तापलेल्या वाळूत भाजतात. टरफलाच्या आत कोंडलेल्या पाण्यात दाणा तिथल्या तिथे शिजतो, मग गरम असतानाच चपटा करतात. म्हणजे पोहे हा वाळवलेला भातच. आता प्रश्न येतो की शिळ्या भातासारखा तो कडक का होत नाही? शिळ्या भातात साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकून रांग धरतात, पण सरकायला पाणी लागतं. कोरड्या पोह्यात साखळ्या काचेतल्या रेणूंसारख्या जागच्या जागी गोठलेल्या असतात. पाणी मिळालं की सुटतात. शिवाय पाणी आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गावर ठरतो: जाडी निम्मी, तर वेळ चौथाई. म्हणूनच पातळ पोह्यांना कांद्या-खोबऱ्याचा ओलावाही पुरतो. दडपे पोहे करणाऱ्या कोकणातल्या आज्यांना हे समीकरण कुणी शिकवलं नव्हतं.

इन्स्टंट नूडल्सही वाफवून तळलेल्या असतात, त्यामुळे गार पाण्यातही मऊ पडतात, उशीर लागतो इतकंच. चुरमुरे शिजलेलेच, पण पिशवीत बहुतेक हवा. छोट्या घरात हवा कशाला साठवायची? डाळवं, फुटाणे, सातूचं पीठ, भाजलेले शेंगदाणे, गूळ हे चालतं. थालीपिठाची भाजणी भाजलेली असली तरी कोरडीच भाजतात. स्टार्च फुलायला पाणी नसतं, म्हणून तिला तवा लागतोच. आणि चूल नाही म्हणून राजमा नुसता भिजवून खाऊ नका. त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन उलट्या काढायला लावतं.

एक अडचण आहे. उकळणं नाही म्हणजे जंतूही मरत नाहीत. तेव्हा भिजवायचं पाणी पिण्याचंच हवं, माणशी रोज तीनेक लिटर धरून. 'पंचवीस वर्षं टिकणारं' म्हणून जाहिरात होणाऱ्या तयार अन्नाच्या पाकिटांवर पैसे घालवण्यापेक्षा ते पाण्याच्या कॅनवर घाला.

मुंबईच्या पावसाळी हवेत पोहे उघडे राहिले तर सादळतात आणि पुढे बुरशी धरते. म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि दर रविवारी न्याहारीला त्यातलेच पोहे काढून नवे भरायचे. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, पण तांदूळ आता परत थोडाच घेणारे वाणी?"