जोड-नियंत्रक (हातातल्या गेम कन्सोलसाठी)

हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलवर मुळात नसलेली बटणे किंवा अंगठ्याची दांडी बाहेरून बसवून देणाऱ्या उपकरणाला जोड-नियंत्रक म्हणतात. खिशात मावेल असा कन्सोल करायचा म्हणजे उत्पादकाला काहीतरी गाळावे लागते, आणि गाळलेले नेमके पुढच्या वर्षीच्या गेमला हवे असते. ही उणीव वेगळे पैसे घेऊन भरून काढायचा हा प्रकार आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलचा ‘सर्कल पॅड प्रो’. ही नोंद मुख्यतः त्याच्याविषयी आणि इंदूरसारख्या शहरातल्या त्याच्या वापराविषयी आहे.

दुसऱ्या दांडीची गरज

त्रिमितीय गेममध्ये डावा अंगठा पात्राला चालवतो आणि उजवा अंगठा कॅमेरा फिरवतो. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर ही सोय रुळली होती. सोनीच्या पीएसपी या हातातल्या कन्सोलला (डिसेंबर २००४) मात्र एकच दांडी होती. जपानमधल्या ‘मॉन्स्टर हंटर’ खेळणाऱ्यांनी त्यावर उपाय काढला. अंगठा दांडीवर ठेवून त्याच हाताची तर्जनी वाकवायची आणि वरच्या दिशादर्शक बटणांनी कॅमेरा फिरवायचा. हात खेकड्याच्या नांगीसारखा दिसे आणि तासाभरात बोटे आखडत.

फेब्रुवारी २०११ मध्ये थ्रीडीएस आला, तेव्हा त्यालाही डावीकडे एकच सर्कल पॅड, म्हणजे दांडीचे काम करणारी सरकती चकती, होता. त्याच वर्षी १० डिसेंबरला जपानमध्ये ‘मॉन्स्टर हंटर ट्राय जी’ या गेमबरोबर सर्कल पॅड प्रो विक्रीस आला. युरोप-अमेरिकेत तो २०१२ च्या सुरुवातीला पोहोचला. जपानी पदार्पणानंतर सातच दिवसांनी सोनीचा व्हिटा हा नवा हातातला कन्सोल बाजारात आला, आणि त्याला दोन्ही दांड्या मुळातच होत्या. निन्टेंडोची घाई का होती, हे यावरून समजते.

रचना आणि वापर

सर्कल पॅड प्रो हा प्लॅस्टिकचा साचा आहे. त्यात कन्सोल दाबून बसवला की उजवीकडे दुसरा सर्कल पॅड मिळतो आणि मागच्या कडेला झेडएल, झेडआर ही दोन बटणे. साच्यामुळे कन्सोलचे मूळ आर बटण बोटाच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणून साच्यावर वेगळे आर बटणही दिलेले आहे. कन्सोल आणि साचा यांच्यात एकही तार किंवा पिन नाही. थ्रीडीएसच्या मागच्या कडेला असलेल्या इन्फ्रारेड खिडकीतून संदेश जातात, टीव्हीचा रिमोट चालतो त्याच तत्त्वावर. त्यामुळे कन्सोलची वीज साच्याला मिळत नाही. त्याला स्वतःचा एक एएए सेल लागतो, म्हणजे रिमोटमधला बारीक सेल. तो भरपूर चालतो, आणि लोक त्याला विसरतात तेही याचमुळे.

उपकरण बसवले म्हणजे सगळ्या गेममध्ये चालले, असे होत नाही. गेम लिहितानाच त्याची सोय केलेली असावी लागते, आणि बहुतेक वेळा गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावे लागते. दुसऱ्या पॅडचा मध्यबिंदू जुळवून घ्यायची सोयही तिथेच असते. ‘रेसिडेंट ईव्हिल: रेव्हलेशन्स’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड: स्नेक ईटर थ्रीडी’ या गेममध्ये त्याने खेळण्याची पद्धतच बदलते. ‘किड इकारस: अपरायझिंग’मध्ये मात्र त्याचा उपयोग फक्त डावखुऱ्यांना होतो. त्यांनी डाव्या हाताने स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची काडी, धरायचा आणि उजव्या पॅडने पात्र चालवायचे. नेम धरायला दुसरी दांडी मिळेल या आशेने ज्यांनी हा गेम घेतला, त्यांची निराशा झाली.

उपकरणाचे वय

जोड-नियंत्रक चांगला की वाईट यापेक्षा तो कशाला जोडला जातो, यावर त्याचे आयुष्य ठरते. ‘गिटार हिरो: ऑन टूर’ (२००८) साठीचा चार बटणांचा पट्टा निन्टेंडो डीएसच्या खालच्या खाचेत, म्हणजे जुन्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या काडतुसांच्या जागेत बसत असे. पुढच्या डीएसआयमध्ये ती खाचच काढून टाकली आणि पट्टा निरुपयोगी झाला. सर्कल पॅड प्रोचे दुखणे मापाचे होते. थ्रीडीएस एक्सएल आकाराने मोठा असल्याने त्याच्यासाठी वेगळा साचा काढावा लागला, आणि त्याच घराण्यातल्या पाचरीच्या आकाराच्या टूडीएससाठी तर निन्टेंडोने तो काढलाच नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘न्यू थ्रीडीएस’ने प्रश्नच मिटवला. त्यात झेडएल, झेडआर आणि सी-स्टिक नावाची छोटी घुंडी मुळातच होती, आणि सर्कल पॅड प्रोसाठी लिहिलेले गेम तिच्यावर चालतात. ही घुंडी सरकत नाही, फक्त दाब ओळखते. तिची सवय होईपर्यंत जुना साचाच बरा वाटतो, हे मान्य करायला हरकत नाही.

निन्टेंडो स्विचने (२०१७) उलटा विचार केला आणि दोन्ही बाजूंचे नियंत्रकच सुटे केले. तेव्हापासून मोठ्या हातांसाठी होरी कंपनीच्या ‘स्प्लिट पॅड’सारखे जाड नियंत्रक निघाले. ते हातात छान बसतात, पण स्विचबरोबरच्या मूळच्या सुट्या नियंत्रकांतले, म्हणजे जॉय-कॉनमधले, कंपन त्यांत नसते.

इंदूरमध्ये

इंदूरच्या मराठी घरांत, टिळक नगर असो की लोकमान्य नगर, असे कन्सोल बहुधा परदेशातल्या मामा-काकांच्या सामानातून येतात किंवा जुन्यात घेतले जातात. मोबाइल आणि त्याच्या सुट्या सामानासाठी जेल रोड, तर विजेच्या सामानासाठी महाराणी रोड, ही इथली ठरलेली ठिकाणे. थ्रीडीएसचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, त्यामुळे त्याचा साचा आता जुन्यातच मिळतो. तो घेताना फसगत व्हायचे कारण साधे आहे: ‘भैया, सेल टाकून दाखवा’ म्हणून काही कळत नाही. सोय असलेला गेम चालू केल्याशिवाय साचा काम करतो की नाही, हे दिसत नाही. आपला कन्सोल आणि गेम बरोबर नेलेला बरा. थ्रीडीएसचे गेम प्रदेशबद्ध असतात, म्हणजे जपानी काडतूस अमेरिकी कन्सोलवर चालत नाही, हेही तेव्हाच तपासून घ्यावे.

सेलचे झाकण उघडून पाहणे तर पहिले काम. आत विसरलेला सेल पाझरून पत्र्याच्या पट्टीवर पांढरी-हिरवी भुकटी धरलेली असेल, तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन ती पुसता येते. पट्टी पुरती खाल्ली गेली असेल तर ती बदलावी लागते. पावसाळ्यातल्या दमटपणात हे लवकर होते, म्हणून सुट्टी संपून कन्सोल कपाटात गेला की सेल काढून ठेवावा. कन्सोलची इन्फ्रारेड खिडकीही कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. जोडणी मध्येच तुटत असेल तर आधी तिथली धूळ आणि सेल पाहावा, मग दुरुस्तीचा विचार करावा.

शहरातल्या आजच्या मुलांचा हातातला कन्सोल म्हणजे फोन. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गोळीबाराचा गेम खेळताना फोनच्या वरच्या कडेला अडकवायचे ‘ट्रिगर’ हाही जोड-नियंत्रकच. साध्या ट्रिगरला ना सेल लागतो ना गेमची परवानगी. कळ दाबली की खालची वीजवाहक टोपी पडद्याला टेकते आणि फोनला ते बोटच वाटते. तर्जनी गोळी झाडायला मोकळी होते, अंगठे हालचालीला. मात्र जाड कव्हर असले की टोपी पडद्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून खेळण्यापूर्वी कव्हर काढावे लागते.