एसडीआरचा गेन हाताने का लावावा लागतो?

ठाण्यात घरी पहिल्यांदा आरटीएल-एसडीआरचा डाँगल (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, ज्यात रेडिओचं बरंचसं काम कॉम्प्युटर करतो) लॅपटॉपला लावला तेव्हा मी गेनचा, म्हणजे आलेला सिग्नल किती मोठा करायचा त्याचा, स्लायडर धरून सरळ शेवटपर्यंत नेला, ४९.६ डीबी, कारण डोक्यात एकच की गेन जास्त तर ऐकू पण जास्त येणार. झालं उलटंच. वॉटरफॉलवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते रंगांत दाखवणाऱ्या पडद्यावर, जिकडे बघावं तिकडे एफएम, १२० मेगाहर्ट्झच्या वर जिथे गाण्यांचं काही कामच नाही तिथेसुद्धा गाणी, आणि खाली नुसती पिवळी खरखर. मग एकेक पायरी खाली येत गेलो आणि तिशीच्या आत आल्यावर ती भुतं एकेक करून गायब झाली, पडदा निळा झाला आणि आधी दिसतच नव्हती अशी एक बारीक रेघ वर आली.

आता हे आपल्याला नवीन वाटतं कारण घरच्या रेडिओला गेनचं बटण आपण कधी बघितलंच नाही. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला एक बटण आवाजाचं, एक स्टेशन लावायचं, झालं. पण ते काम आत कोणीतरी करत होतंच. १९२५ मध्ये हॅरोल्ड व्हीलर या अमेरिकन इंजिनिअरने अशी सर्किट शोधली की स्टेशन जोरात आलं तर रेडिओ स्वतःच आतलं अँप्लिफिकेशन कमी करणार आणि स्टेशन मंद असलं की वाढवणार, त्यालाच पुढे एजीसी (ऑटोमॅटिक गेन कंट्रोल) म्हणायला लागले. ती विकायच्या रेडिओत आली १९२९ ला, फिल्कोच्या ९५ नंबरच्या मॉडेलमध्ये. आणि आपल्याकडे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला! म्हणजे तेव्हा ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचे सेट होते ते लोक आपण आज माऊसने करतो तेच हाताने करत होते, मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं.

बँडविड्थचंही, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा ऐकायचा त्याचंही, तसंच. अमेरिकन इंजिनिअर आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन रेडिओ काढला, त्यात येणारं कुठलंही स्टेशन आधी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचं आणि तिथे गाळायचं, म्हणून त्या गाळणीची रुंदी कारखान्यातच ठरून यायची. रेडिओवाल्या दुकानात ज्यांनी आयएफटीचे, म्हणजे त्या गाळणीच्या कॉइलचे, छोटे पत्र्याचे डबे स्क्रूने फिरवून अलाइनमेंट करताना बघितलंय त्यांना लगेच कळेल. एसडीआरमध्ये तो डबा म्हणजे गणित झालाय, कडा माऊसने ओढायची, एफएमला साधारण २०० किलोहर्ट्झ ठेवायची.

सॉफ्टवेअर रेडिओ हा शब्द जोसेफ मिटोलाने १९९१ मध्ये रूढ केला, ग्नू रेडिओ हे त्यासाठीचं फुकट सॉफ्टवेअर २००१ मध्ये आलं, पण हार्डवेअर महाग, आपल्या आवाक्याबाहेर. खरा बदल २०१२ चा. फिनलंडच्या अँटी पालोसारीला लिनक्सच्या ड्रायव्हरचं काम करताना दिसलं की टीव्ही बघायच्या स्वस्त डाँगलमधली आरटीएल२८३२यू चिप एफएम ऐकवताना कच्चे सँपल, म्हणजे सिग्नलची आकड्यांतली मोजमापं, थेट कॉम्प्युटरला देते, मग ऑस्मोकॉम या ओपन सोर्स प्रकल्पाच्या लोकांनी त्यावर ड्रायव्हर लिहिला आणि टीव्हीचा डाँगल रेडिओ झाला. (आपल्याकडे तो टीव्हीसाठी तसाही कामाचा नाही, दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीचं आहे आणि ही चिप जुनं डीव्हीबी-टीच समजते.)

आणि गेनचं सगळं दुखणं इथूनच येतं. हा डाँगल टीव्हीसाठी बनलेला, सँपल फक्त ८ बिटचे म्हणजे २५६ पायऱ्या. मुंबई-ठाण्यात दणदणीत एफएम स्टेशन्स, त्यातल्या एकानेच सगळ्या पायऱ्या खाल्ल्या की बारीक सिग्नलला जागाच उरत नाही, शिवाय चिपच्या आधीचा ट्यूनर जास्त सिग्नलने दबला की दोन स्टेशनं आत मिसळून तिसरीकडेच उगवतात. एजीसीचं टिकमार्क आहे, पण त्याला कसं कळणार तुम्हाला त्या गर्दीतलं नेमकं कुठलं हवंय? ते टिक काढा, गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, खालची खरखर थोडी उचलली की थांबा. जागा बदलली की परत करा, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी मला घरापेक्षा बराच जास्त गेन चालतो कारण तिथे बिल्डिंगमधल्या एलईडी आणि चार्जरची घाण नाही.

आणखी एक, डी-एम्फसिस बघा, म्हणजे एफएम पाठवताना मुद्दाम वाढवलेले वरचे सूर ऐकताना परत कमी करणं. अमेरिकेत ते ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. बरेचदा सॉफ्टवेअरमध्ये ७५ असतं आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतो. ५० केलं की निवेदकाचा स आणि श लगेच वेगवेगळे कळतात.