वितरित संगणनातील कार्यनियोजन आणि यंत्रशिक्षण

अनेक सर्व्हर मिळून चालणाऱ्या प्रणालीत कोणते काम, कोणत्या यंत्रावर, केव्हा चालवायचे हे ठरवण्यासाठी अनुभवातून शिकणारे प्रारूप वापरण्याची पद्धत. एरवी हा निर्णय हाताने लिहिलेले नियम घेतात.

परस्परांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वोत्तम वाटणी शोधणे हा एनपी-पूर्ण प्रश्न आहे (म्हणजे कामे वाढली की अचूक उत्तर झटपट शोधण्याची रीत कोणालाच ठाऊक नाही), हे जेफ्री उलमन यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले. सोपे नियम तरीही टिकले. यंत्रे सारखी असतील, तर रिकाम्या यंत्राला तयार असलेले पुढचे काम देत गेल्यास लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या दुपटीच्या आतच राहतो, असे रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्येच दाखवले होते. मात्र मोठ्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या समूहावर, ‘दुपटीच्या आत’ ही हमी फार महागात पडते.

या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एमआयटीतील होंगझी माओ, मोहम्मद अलिझादेह आणि सहकाऱ्यांचा ‘डेसिमा’ (२०१९) हा स्पार्क या मोठी विदा अनेक यंत्रांवर वाटून हाताळणाऱ्या प्रणालीसाठीचा शेड्युलर, म्हणजे कार्यनियोजक. जास्त यंत्रे दिली म्हणजे जॉब (अनेक छोट्या टास्कचे मिळून बनलेले काम) वेगाने संपतोच असे नाही. टीपीसी-एच या डेटाबेसच्या प्रमाणित चाचणीतील नववी क्वेरी (विदेला विचारलेला प्रश्न) १०० जीबी विदेवर सुमारे ४० समांतर टास्कपर्यंत वेग घेते, तर दुसरी २० वरच थांबते. ही मर्यादा डेसिमा स्वतः शिकतो. जॉबमधील टप्प्यांचा आलेख तो न्यूरल नेटवर्कने वाचतो. जॉब जितका वेळ प्रणालीत अडकून राहतील, तितका त्याला दंड बसतो. हे शिक्षण सिम्युलेटरमध्ये होते. तिथली खरी अडचण नशिबाची होती: अचानक जॉबची गर्दी झाली की चांगला निर्णयही वाईट ठरे. म्हणून आगमनाचा तोच क्रम पुन्हा पुन्हा चालवून त्यावरच्या निर्णयांची आपापसात तुलना केली गेली. माझ्या मते डेसिमाचे मर्म या युक्तीत आहे. २५ यंत्रांच्या क्लस्टरवर, हाताने घडवलेल्या नियमांच्या तुलनेत, जॉब पूर्ण होण्याचा सरासरी वेळ किमान २१ टक्क्यांनी घटला.

गूगलचे ‘ऑटोपायलट’ (२०२०) यंत्र निवडत नाही. कामाला किती मेमरी आणि प्रोसेसर राखून ठेवायचा ते ठरवते. हाताने मर्यादा घातलेल्या कामांत ४६ टक्के साधने पडून राहत. ऑटोपायलटखाली हे प्रमाण २३ टक्के आढळले. त्यात एका अवाढव्य नेटवर्कऐवजी अनेक साधी प्रारूपे आहेत, जेणेकरून एखादी मर्यादा का ठरली हे अभियंत्याला तपासता यावे. ही निवड शहाणपणाची आहे. कामांचे स्वरूप प्रशिक्षणावेळच्यापेक्षा बदलले की शिकलेला शेड्युलर चुकू लागतो, आणि तेव्हा कारण शोधण्याची जबाबदारी माणसावरच येते.