श्रवणयंत्राचे सेल आणि जोडसाहित्य

श्रवणयंत्राला, म्हणजे घरोघरी ज्याला ‘कानाचं मशीन’ म्हणतात त्याला, वीज पुरवणारे बटण सेल आणि यंत्र कोरडे व स्वच्छ राखण्यासाठी लागणाऱ्या किरकोळ वस्तू. खिशात डबी आणि कानापर्यंत वायर अशा जुन्या पॉकेट मॉडेलला पेन्सिल सेल लागतो. कानामागे किंवा कानात बसणाऱ्या यंत्रांत एकेकाळी पाऱ्याचे बटण सेल असत. आज त्यांच्या जागी झिंक-एअर, म्हणजे जस्त-हवा सेल आहेत.

हा सेल खरोखरच हवेवर चालतो. अधिकचे चिन्ह असलेल्या सपाट बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि त्यांवर रंगीत स्टिकर असतो. स्टिकर काढला की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, जस्ताच्या भुकटीचे ऑक्साइड होऊ लागते आणि सुमारे १.४ व्होल्ट दाब मिळतो. ऑक्सिजन बाहेरून मिळत असल्याने आतली बहुतेक जागा जस्ताला देता येते. एवढ्याशा चकतीत इतकी वीज मावते ती त्यामुळे. (गंमत म्हणजे संपलेला सेल नव्यापेक्षा किंचित जड भरतो.)

या सेलचे सगळे पथ्यपाणी त्या छिद्रांपासून सुरू होते. स्टिकर काढल्यावर सेल लगेच यंत्रात न घालता एक ते पाच मिनिटे तसाच ठेवावा, म्हणजे दाब पुरता चढतो. नंतर स्टिकर परत चिकटवून फारसा उपयोग नाही: आत गेलेली हवा बाहेर येत नाही आणि सेल न वापरताही झिजत राहतो. म्हणून ‘उद्याला तयार असू दे’ म्हणून आदल्या रात्री दोन सेल सोलून ठेवणे म्हणजे निव्वळ नुकसान. फ्रिजमध्ये ठेवल्याने सेल टिकतात हाही गैरसमज. बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते.

सेल निवडताना आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. यंत्राला जो नंबर लागतो तोच घ्यावा लागतो. १० नंबरचा स्टिकर पिवळा, ३१२चा तपकिरी, १३चा नारिंगी आणि ६७५चा निळा. स्टिकर निघाला की रंगही गेला, म्हणून पाकीट जपून ठेवावे. ३१२ आणि १३ यांचा व्यास सारखाच, ७.९ मिलिमीटर, जाडी मात्र ३.६ आणि ५.४. त्यामुळे १३च्या खाचेत ३१२ बसल्यासारखा वाटतो आणि खुळखुळतो. याहून फसवा आहे घड्याळ-कॅलक्युलेटरचा एलआर४४. आकाराने तो हुबेहूब ६७५ एवढा, पण तो अल्कलाइन. त्याची क्षमता ६७५च्या जेमतेम पावपट आणि दाबही हळूहळू उतरत जातो. शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांट या श्रवणसाधनासाठी जास्त प्रवाह देणारा वेगळा ६७५ मिळतो.

साधारणपणे १० नंबर तीन ते सात दिवस आणि ६७५ दोन आठवड्यांच्या आसपास चालतो. मोबाइलचा आवाज ब्लूटूथने थेट यंत्रात घेणाऱ्यांनी याहून कमी धरावे. जस्त-हवा सेलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे टेस्टरवर ‘चांगला’ दिसलेला सेल संध्याकाळी कार्यालयात, ऐन मंगलाष्टकांत, मान टाकू शकतो. टेस्टर मेलेला सेल ओळखतो, उरलेले आयुष्य सांगत नाही. यंत्राचा ‘टूंटूं’ इशारा ऐकू आला की सेल बदलावा हे बरे.

कोकण-मुंबईचा पावसाळा हा या यंत्रांचा खरा वैरी. घाम आणि दमट हवा मायक्रोफोनमध्ये व सेलच्या कप्प्यात उतरते. रात्री यंत्र काढल्यावर कप्प्याचे दार उघडे ठेवावे; वीजही वाचते, ओलही निघते. सिलिका जेलची डबी ही सर्वांत उपयोगी जोडवस्तू. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते ओल शोषून भरले असे समजावे. डबीत यंत्र ठेवताना सेल आधी काढावा, कारण कोरड्या हवेत त्याच्यातला द्रवही सुकतो. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरण्याचा घरगुती उपाय टाळलेला बरा. पिठाची भुकटी छिद्रांत बसते. हेअर ड्रायर आणि कडक ऊनही नको.

बाकीचे साहित्य मुख्यतः मळाशी लढण्यासाठी असते: बारीक ब्रश, तारेची कडी, मोल्डच्या, म्हणजे कानाच्या मापाने घडवलेल्या बोळ्याच्या, नळीतले पाणी उडवणारा रबरी फुगा, रिसीव्हरच्या (कानात आवाज सोडणाऱ्या भागाच्या) तोंडावरचे बदलायचे वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी बारीक जाळी. यंत्र बंद पडले म्हणून दुकानात आणले जाते, तेव्हा पुष्कळदा गार्डच मळाने बुजलेला असतो. नळी ताठ आणि पिवळी पडली की बदलून घ्यावी. ब्रशच्या दुसऱ्या टोकाला बहुधा छोटे लोहचुंबक असते. सेल नखाने उकरण्याऐवजी त्याने काढावा. थरथरत्या बोटांच्या आजीआजोबांना हेही जमत नसेल तर लिथियम-आयनचे चार्जिंगवाले यंत्र सोयीचे. रात्री चार्जरमध्ये ठेवले की दिवस निभावतो. वीज बेभरवशाची असलेल्या गावात मात्र साध्या सेलचे पाकीटच कामी येते.

सुटे सेल खिशात चिल्लर-किल्ल्यांबरोबर ठेवू नयेत. शॉर्ट होऊन तापतात. गोळ्यांच्या डबीशेजारीही नकोत, कारण औषध समजून सेल गिळल्याचे प्रकार घडले आहेत. मुलाने सेल गिळला किंवा नाका-कानात घातला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ओल्या त्वचेवर सेलमुळे आतून भाजते. लहान मुलांच्या यंत्रांना म्हणूनच कुलूपवाले दार मिळते. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे साठवावेत. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०१५पासून बटण सेलमधल्या पाऱ्यावर बंदी घातली आहे, आणि भारतात २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.