आपल्या संगणकांवरील उबुंटूची आवृत्ती आम्ही केव्हा बदलतो

उबुंटू या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती आल्याचे कळले की 'आमच्याकडे ती केव्हा टाकणार?' अशी विचारणा आपल्यापैकी अनेक जण करतात. त्यासाठी आवृत्तीचा क्रमांक कसा वाचायचा हे आधी माहीत हवे. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल आणि २५.१० म्हणजे २०२५ सालचा ऑक्टोबर. २००४ च्या ऑक्टोबरपासून ही प्रणाली साधारण दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होत आली आहे. सम वर्षांतील एप्रिलची आवृत्ती मात्र दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस असते आणि तिच्या मुख्य भांडारातील पॅकेजांना, म्हणजे तेथून बसवल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या संचांना, पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना ती केवळ नऊ महिने मिळतात. पहिली एलटीएस २००६ च्या एप्रिलमध्ये येणार होती, परंतु काम पक्के व्हावे म्हणून ती सहा आठवडे लांबवली गेली आणि तिचा क्रमांक ६.०६ झाला. आम्हाला हा निर्णय आजही अनुकरणीय वाटतो.

ग्राहकांच्या संगणकांवर आम्ही फक्त एलटीएस बसवतो. मधल्या आवृत्त्या वाईट असतात म्हणून नव्हे, तर मोठे बदल प्रथम तेथे पारखले जातात म्हणून. २५.१० मध्ये अनेक मूलभूत आज्ञा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलेल्या स्वरूपात आल्या. त्यांपैकी तारीख-वेळ सांगणाऱ्या 'डेट' या आज्ञेतील एका दोषामुळे काही संगणकांवर अपडेटची स्वयंचलित तपासणीच थांबली होती. दोष लगेच दुरुस्त झाला, पण हिशेबाच्या किंवा दवाखान्यातील नोंदींच्या संगणकावर असा एक आठवडाही आम्हाला नको आहे.

नवी एलटीएस आली तरी आम्ही तिची पहिली दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत थांबतो. उबुंटूही आधीच्या एलटीएसवरील संगणकांना बदलाची सूचना सहसा तेव्हाच दाखवते; उदाहरणार्थ, २४.०४ ची अशी पहिली दुरुस्त आवृत्ती २४.०४.१ २०२४ च्या ऑगस्टअखेर आली. एलटीएस ओलांडून पुढे जाता येत नाही: ज्यांच्याकडे अजून २०.०४ आहे, त्यांना आधी २२.०४ वर यावे लागेल. २०.०४ ची पाच वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली असल्याने अशा ग्राहकांनी हे काम पुढे ढकलू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे. तोपर्यंत उबुंटू प्रो या वाढीव सेवेची जोडणी करून घेता येईल. तिने सुरक्षा अपडेटची मुदत दहा वर्षांपर्यंत वाढते आणि पाच संगणकांपर्यंत ती निःशुल्क आहे.

२२.०४ वरून २४.०४ वर येणाऱ्यांना एक बदल विशेष जाणवेल. 'युजर नेमस्पेस' ही प्रोग्रामला स्वतःपुरते वेगळे वातावरण देणारी, कर्नलमधील म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील सुविधा आता प्रत्येक प्रोग्रामला मोकळेपणाने वापरता येत नाही, कारण तिच्या आडून कर्नलमधील दोषांचा गैरफायदा घेता येत असे. परिणामी बाहेरून उतरवलेले काही प्रोग्राम, विशेषतः अ‍ॅपइमेज या एकाच फाइलच्या स्वरूपातील, उघडत नाहीत. अशा वेळी इंटरनेटवर सुचवलेली आज्ञा देऊन हे संरक्षण सरसकट बंद करू नये. त्या एका प्रोग्रामपुरती परवानगी आम्ही लिहून देतो.

आवृत्ती बदलताना बाहेरची पॅकेज भांडारे आपोआप बंद होतात, त्यामुळे ती आम्ही एकेक तपासून पुन्हा सुरू करतो. आमचा माणूस येण्यापूर्वी आपण बाह्य डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि डिजिटल सहीचे टोकन, प्रिंटर व मराठी कळफलक हाताशी किंवा नोंदवून ठेवावेत, म्हणजे या तिन्ही गोष्टी आपल्यासमोरच चालवून दाखवता येतील.