‘सेप्टिक’ म्हणजे नेमकं काय? : पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत संडासाच्या कोणत्याही खड्ड्याला सर्रास ‘सेप्टिक’ म्हणतात. टाकं कधी उपसायचं, या प्रश्नाचा निम्मा गुंता या एका शब्दात आहे.

मूळ सेप्टिक टाकं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आकाराला आलं. आपल्याकडे ते बराच काळ शहरातले बंगले आणि सरकारी क्वार्टर यांपुरतंच होतं. २००० सालच्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावी संडासाचा विषय नेला. बांधकामांचा धडाका मात्र २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानानंतरचा.

तेव्हा घरटी १२,००० रुपये मिळू लागले. शिफारस दोन शोषखड्ड्यांची होती. पहिला भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि बंद ठेवलेल्याचं वर्ष-दोन वर्षांत खत होऊ द्यायचं. लोकांना धास्ती होती की एवढासा खड्डा लवकर भरेल. शिवाय तो उपसायचा कोणी, हा प्रश्न जातीपाशी येऊन थांबायचा. म्हणून अनेकांनी पदरचे पैसे घालून एकच मोठं टाकं बांधलं. याला अडाणीपणा म्हणणं मला मान्य नाही. कापसाच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, खड्डा तुडुंब होतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बांधकाम हलतं. या मातीसाठी नकाशा वेगळा हवा होता.

पण ‘मोठं केलं, आता जन्मभर पाहायचं काम नाही’ ही समजूत चुकीचीच. खऱ्या सेप्टिकमध्ये गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं. गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढला नाही तर तो पाण्याबरोबर वाहून शोषखड्डा बुजवतो. गावात ‘सेप्टिक’ म्हणून बांधलेल्या कित्येक टाक्यांना मधली भिंत नाही, शोषखड्डा नाही; पाणी थेट नालीत. काहींना तर तळच नाही.

संरक्षक साधनांशिवाय टाक्यात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतला वायू क्षणात जीव घेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख झाली. स्वच्छ भारतच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळाची विल्हेवाट धरली आहे, पण गाळ काढणार कुठून? कितीतरी घरी टाक्यावर फरशी बसली, त्यावर धुणं-भांडी सुरू झाली. उपसा गाडी तालुक्याहून येते तेव्हा पाईप टाकायला झाकणच सापडत नाही, आणि आधी फरशी फोडावी लागते.