छोटं कुत्रं गुरगुरलं की त्याला गप्प करू नका

पाच-सहा किलोचं पामेरियन अडॉप्ट करून आणलं, पहिले काही दिवस सोफ्याखाली गुपचूप बसून होतं आणि मग एकदा उचलायला गेलो तर करकचून चावलं, अशी तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते, आणि पाठोपाठ "एवढंसं आहे पण माज बघा" हेही येतंच. माज वगैरे काही नसतो हो, बहुतेक वेळा ती भीती असते.

लॅब्राडॉर गुरगुरला तर आपण मागे सरकतो. छोटं गुरगुरलं तर हसतो, मोबाईलवर व्हिडिओ काढतो आणि तरीही उचलतोच. खरं तर गुरगुरण्याआधी त्याने बरंच सांगून झालेलं असतं: ओठ चाटणं, उगाच जांभई देणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, आणि शेवटी एकदम ताठ होऊन थांबणं (हे दिसलं की हात मागे घ्याच). त्यातल्या कशाचाच उपयोग होत नाही पण चावलं की माणूस लगेच लांब जातो, हे ते पटकन शिकतं. आणि गुरगुरल्यावर फटका दिलात तर भीती तशीच राहते, फक्त वॉर्निंग बंद होते.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीतल्या व्हेटनी (प्राण्यांच्या डॉक्टरांनी) 2009 मध्ये कुत्र्यांच्या मालकांचा एक सर्व्हे छापला. कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून बघणाऱ्यांपैकी 43 टक्के लोकांवर कुत्रं उलटलं होतं, उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी 31 टक्के लोकांवर. "तू बॉस आहेस हे दाखव" म्हणणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

आधी व्हेटकडे न्या. छोट्या जातींमध्ये हिरड्या सुजून दात खराब होणं आणि गुडघ्याची वाटी सरकणं खूप कॉमन आहे, आणि दुखत असताना उचललं तर कोणीही चावेल.

मग घरी उचलणं बंद, त्याला स्वतःहून येऊ दे. जेवताना गुरगुरत असेल तर वाटी ओढून घेऊ नका, उलट ते शांत राहील एवढ्या लांबून जाताजाता उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका आणि निघून जा, तिथे उभं राहून कौतुक करायचं नाही. असं रोज केलं की माणूस आला म्हणजे काहीतरी चांगलं मिळतं हे त्याच्या डोक्यात बसतं, मग अंतर थोडं थोडं कमी करा, परत ताठ झालं तर परत लांब. याला आठवडे लागतात, कधी महिने.

चावून रक्त आलंच तर जखम नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, हळद लावून बसू नका.